काटा, पू आणि ताप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कोणीतरी बाहेरची पाहुणी येऊन बोलते. यंदा कार्यकारिणीने ठरविले की घरच्याच एकीने बोलावे, आणि ते काम माझ्या गळ्यात पडले. मी सातवीपर्यंत शिकलेली. लोणच्यापापडावर बोल म्हटले असते तर अवघड नव्हते. पण मी जो विषय निवडला आहे त्याचे नावही दीड वर्षापूर्वी मला धड उच्चारता येत नव्हते. तो विषय म्हणजे रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. नाव ऐकून घाबरू नका. ह्या पेशी तुम्ही सर्वांनी पाहिल्या आहेत, फक्त ओळख झालेली नाही.

आपल्यापैकी कोणाच्या पायात काटा मोडला नाही? लावणीच्या दिवसांत बांधावरून अनवाणी जाताना बाभळीचा काटा टाचेत मोडतो. तो निघाला नाही तर दुसऱ्या दिवशी जागा लाल होते, गरम लागते, ठणकते. मग आपण म्हणतो, “काटा पिकला.” पोटीस बांधतो, फोड फुटतो, पू येतो आणि पुवाबरोबर काटाही बाहेर पडतो. पू म्हणजे घाण असेच मी आजवर समजत होते. परंतु पू म्हणजे बव्हंशी ह्याच न्यूट्रोफिल पेशी. काट्याबरोबर आत शिरलेल्या जंतूंशी लढून ज्या मेल्या, त्यांचा तो ढीग. पुवाला जी हिरवट झाक असते तीसुद्धा ह्या पेशींतल्या एका द्रव्याची.

गंमत अशी की, शास्त्रज्ञांनाही ही गोष्ट काट्यानेच शिकविली. एली मेचनिकॉफ नावाचे एक रशियन शास्त्रज्ञ १८८२ साली इटलीतल्या मेसिना गावी राहत होते. एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहावयास गेली आणि हे एकटे सूक्ष्मदर्शक यंत्रापाशी बसले. समुद्रातल्या तारामाशाचे पिल्लू काचेसारखे पारदर्शक असते. त्याच्या अंगात त्यांनी बागेतल्या गुलाबाचे काटे टोचून ठेवले. सकाळी पाहतात तो काट्याभोवती हालत्या पेशींची ही गर्दी! अंगात शिरलेल्या परक्या वस्तूवर शरीर आपले शिपाई धाडते, हा विचार तेथून निघाला. पुढे १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्याबरोबर ते विभागून मिळाले पॉल एर्लिक ह्या जर्मन शास्त्रज्ञांना. एर्लिक रक्ताच्या थेंबाला निरनिराळे रंग देऊन पाहत. काही पेशी आम्ल रंग धरीत, काही त्याच्या उलट रंग धरीत; आणि ज्या ह्या दोहोंकडे न झुकता मधला, उदासीन रंग धरीत, त्यांना न्यूट्रोफिल हे नाव पडले. एवढाच त्या अवघड नावाचा अर्थ.

आता हे शिपाई काय करतात ते सांगते. मोठ्या माणसाच्या हाडांतल्या मगजात रोज सुमारे १०,००० कोटी न्यूट्रोफिल तयार होतात. ते रक्ताबरोबर गस्त घालतात. कोठे जखम झाली, जंतू शिरले, की तेथून वर्दी येते. तेव्हा ते रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, भिंतीच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि त्या जागी धावतात. पोहोचावयास त्यांना थोडेच तास लागतात. तेथे ते जंतूंना गिळतात. गिळून झाल्यावर त्यांना मारण्यासाठी पोटात एक तिखट द्रव्य तयार करतात. आपण विहिरीत जी ब्लीचिंग पावडर टाकतो, तिचे पाण्यात जे जंतुनाशक द्रव्य होते, तेच हे! २००४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखविली. काही न्यूट्रोफिल मरतामरता आपल्या पोटातले धागे बाहेर फेकतात आणि कोळ्याने जाळे टाकावे तसे जंतूंना त्यात अडकवितात.

पण ह्या शिपायांचे आयुष्य फार थोडे. रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. न्यूट्रोफिल काही तास, फार तर थोडे दिवस. म्हणजे तांबड्या पेशी कणगीतल्या भातासारख्या, पुष्कळ दिवस पुरणाऱ्या. आणि न्यूट्रोफिल दुधासारखे, रोज ताजे यावयास हवेत. गवळी चार दिवस आला नाही तर घरात जे होते, तेच मगजाचे काम थांबले की शरीरात होते. ही उपमा लक्षात ठेवा, कारण आता मी माझ्या घरची गोष्ट सांगणार आहे.

माझ्या धाकट्या जावेला स्तनाचा कर्करोग झाला, हे आपणांस ठाऊक आहे. आज ती समोर बसली आहे आणि तिच्या परवानगीनेच मी बोलते आहे. मुंबईच्या इस्पितळात तिची शस्त्रक्रिया झाली आणि पुढे केमोथेरपी सुरू झाली. दर एकवीस दिवसांनी सलाईनमधून औषध. हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून त्या मरतात; परंतु केसांची मुळे, तोंडातली कातडी आणि हाडांतला मगज हेही भराभर वाढणारेच. म्हणून केस गळतात, तोंड येते, आणि मगजाचे काम मंदावून न्यूट्रोफिल कमी होतात. केस गेलेले सर्वांना दिसतात. शिपाई गेलेले कोणालाच दिसत नाहीत. औषध दिल्यापासून साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत ते सर्वांत कमी असतात.

दुसऱ्या औषधानंतरचा तो दहावा दिवस. श्रावणातला पाऊस, तानसा भरून वाहत होती. संध्याकाळी जाऊ म्हणाली, “ताई, अंग जरा कसकसतंय.” थर्मामीटर लावला तर १००.६. मी तिला नखशिखान्त पाहिले. कोठे फोड नाही, सूज नाही, खोकला नाही. सलाईनची सुई लावली होती ती जागाही स्वच्छ. मी म्हटले, “पावसाळी हवा आहे, थकवा असेल.” आणि घरात होती ती तापाची गोळी तिला दिली. तासाभरात घाम आला, ताप उतरला. सासूबाई म्हणाल्या, “सकाळी कुंडावर नेऊन आणा तिला, गरम पाण्यानं अंग मोकळं होईल.” मलाही ते पटले. दीर म्हणाले, “वहिनी, इस्पितळात फोन करू का?” मी म्हटले, “भाऊजी, ताप उतरलाय, आता रात्री कशाला त्रास द्यायचा?” आम्ही सगळे झोपलो.

पहाटे तीन वाजता ती थडथडा उडू लागली. ताप १०३. ओठ पांढरे, बोलण्यात तोल नाही. दिरांनी फाइलीवरच्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या सिस्टरने दोनच प्रश्न विचारले: औषध घेऊन किती दिवस झाले आणि ताप किती? मग म्हणाली, “उजाडायची वाट पाहू नका, जे मोठे इस्पितळ जवळ असेल तेथे आत्ता न्या आणि ही फाइल पुढे ठेवा.” १०८ ची गाडी बोलाविली. त्या रात्री अंबाडीच्या पुढचा रस्ता मला संपेना. पदरात तिचे डोके होते आणि मनात एकच विचार, की संध्याकाळी फोन केला असता तर!

इस्पितळात रक्त तपासले. पांढऱ्या पेशी ९००, त्यांत न्यूट्रोफिल शेकडा १०. म्हणजे अवघे ९०. निरोगी माणसाला हेच काही हजार असतात. तपासणीचा कागद यावयाच्या आधीच डॉक्टरांनी जंतुनाशक औषध शिरेतून सुरू केले होते. अशा रोग्याला इस्पितळात पोहोचल्यापासून तासाच्या आत ते सुरू व्हावे असा त्यांचा नियम. नऊ दिवस ती तेथे होती. तिसऱ्या दिवशी ताप हटला. मी डॉक्टरीणबाईंना विचारले, “बाई, कुठे पू नव्हता, सूज नव्हती, मग आम्हांला कळावे कसे?” त्या म्हणाल्या, “अहो, पू कोणाचा होतो? न्यूट्रोफिलचाच ना? तेच नाहीत तर पू येणार कोठून? गोळीने तुम्ही ताप झाकलात, जंतू नाही झाकलेत.”

भगिनींनो, मी हे मुद्दाम चारचौघींत सांगते आहे. चूक माझी होती. आपण बायका पिढ्यान्‌पिढ्या लाली, सूज आणि पू पाहून दुखणे ओळखत आलो. परंतु ज्याचे शिपाईच गेले आहेत त्याच्या अंगात लाली नाही, सूज नाही, पू नाही. कधीकधी छातीच्या फोटोतही काही दिसत नाही. तेथे ताप हीच एक हाक असते, आणि तीच मी गोळी देऊन बंद केली. हे एवढे जरी तुम्ही घरी घेऊन गेलात तरी माझे भाषण सार्थकी लागले.

म्हणून केमोथेरपी चालू असलेले माणूस घरात असेल तर काय करावे ते सांगते. घरात चालू थर्मामीटर हवा. ताप १००.४ किंवा अधिक आला, अथवा थंडी भरून आली, तर प्रथम इस्पितळात फोन. त्यांना विचारल्याशिवाय तापाची गोळी नाही. रात्र असो, सण असो, पाऊस असो. ताप नसला तरी रोगी एकाएकी गळून गेला, बरळू लागला, तरी तेच. फाइल आणि रक्ताचे कागद एका पिशवीत दाराशी टांगलेले असावेत. त्या दिवसांत त्याला कुंडावर नेऊ नये. गणेशपुरी, अकलोली, वज्रेश्वरी येथली गरम पाण्याची कुंडे आपल्याला प्रिय आहेत, माझ्याही पायांना त्यांनी आराम दिला आहे. पण शेकडो माणसांनी अंग बुडविलेले पाणी शिपाई नसलेल्या शरीरासाठी नव्हे. निरोगी माणसानेही उघडी जखम घेऊन कुंडात उतरू नये.

मात्र रोग्याला वाळीतही टाकू नका. आमच्याकडे दोन्ही तऱ्हा झाल्या. प्रथम सगळी सोयरीधायरी खोकलत खोकलत भेटावयास आली, आणि पुढे कोणी उंबरा चढेना. खोकला, सर्दी, ताप असलेल्यांनी येऊ नये, बाकीच्यांनी हात साबणाने धुऊन खुशाल यावे. अशा रोग्याला जे जंतू बाधतात त्यांपैकी पुष्कळसे त्याच्याच तोंडातले आणि आतड्यातले असतात, दुसऱ्याने आणलेले नव्हेत. म्हणून मऊ ब्रशाने दात घासणे, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, ताजे शिजविलेले अन्न आणि स्वच्छ हात एवढे सांभाळावे. पुढच्या औषधांच्या वेळी जावेला मगजाला चालना देणारे इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली देत. त्याने तिची हाडे दुखत, पण शिपाई लवकर परत येत. राहिलेली औषधे तिने नीट पार पाडली.

रक्ताचा कागद कसा वाचावा हेही तेव्हाच शिकले. एका घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात आणि त्यांत न्यूट्रोफिल शेकडा ४० ते ७५. नुसता शेकडा पाहून भागत नाही. भाकरीचा अर्धा तुकडा मिळाला म्हटले तरी भाकरी केवढी होती ते विचारले पाहिजे! एकूण ८,००० आणि न्यूट्रोफिल शेकडा ६० असतील तर ४,८०० झाले, उत्तम. पण एकूणच ८०० असतील तर त्याच ६० टक्क्यांचे ४८० होतात, आणि ५०० च्या खाली आले की धोका मोठा. हा गुणाकार चौथीतल्या मुलालाही येतो.

उलट, आकडा वाढलेला दिसला म्हणूनही कोणी आपल्या मनाने जंतुनाशक गोळ्या घेऊ नयेत. जंतूंमुळे न्यूट्रोफिल वाढतात हे खरे. परंतु गरोदरपणी, बाळंतपणाच्या वेळी, भाजल्यावर आणि स्टेरॉईडच्या गोळ्यांनीही ते वाढतात. कागदाचा अर्थ रोगी पाहूनच लावावयाचा असतो.

आता आणखी तीन प्रसंग सांगते, कारण ते आपल्या घरांतून येतात. पहिला मधुमेहाचा. रक्तात साखर फार वाढली की न्यूट्रोफिल असून मंद होतात, नीट गिळीत नाहीत. त्यातून पायाची जाणीव कमी झालेली, म्हणून काटा मोडलेला कळत नाही. मधुमेही बाईने चिखलात अनवाणी उतरू नये आणि रोज रात्री दिव्यापाशी बसून तळपाय पाहावेत. दुसरा, गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी जास्त काम करते तेव्हा कार्बिमॅझोल नावाची गोळी देतात. क्वचित कोणाला त्या गोळीने न्यूट्रोफिल एकदम नाहीसे होतात. ती घेणाऱ्या बाईला ताप आला, घसा फार दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गोळीचे नाव सांगून रक्त तपासून घ्यावे. थायरॉईड कमी असलेल्या बायका जी गोळी घेतात ती वेगळी, तिची ही भीती नाही.

तिसरा प्रसंग तान्ह्या बाळाचा. बाळाची नाळ वाळून आठ-पंधरा दिवसांत गळून पडते, त्यातही ह्या पेशींचा हात असतो. काही अगदी थोड्या मुलांत जन्मतःच दोष असतो. न्यूट्रोफिल रक्तात पुष्कळ, पण भिंतीला चिकटून बाहेर पडता येत नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! अशा बाळाची नाळ तीन-चार आठवडे झाले तरी पडत नाही, बेंबी लाल होते, पुढे जखमा भरत नाहीत आणि त्यांत पू होत नाही. दुसऱ्या एका जन्मजात दोषात न्यूट्रोफिल पोहोचतात, गिळतात, पण ते ब्लीचिंगसारखे द्रव्य करता येत नाही. त्या मुलांना पुनःपुन्हा गळवे होतात. अशा वेळी “नजर लागली” म्हणून बसू नये. ह्या दोषांची तपासणी आपल्या मुंबईतच होते. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे. १९५७ साली रक्तगटांच्या कामासाठी तिची सुरुवात झाली.

रक्तगटावरून आठवले. ‘बॉम्बे ब्लड ग्रूप’ हा दुर्मीळ रक्तगट १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. आणखी चाळीस वर्षांनी, १९९२ साली, परदेशातल्या डॉक्टरांनी अशी दोन मुले पाहिली की ज्यांचे न्यूट्रोफिल भिंतीला चिकटत नव्हते, आणि त्यांचा रक्तगटही हाच निघाला. पेशीला भिंतीवर अडकवणाऱ्या आकड्यात एक विशिष्ट साखर लागते. त्या मुलांच्या शरीरात ती साखर बसतच नव्हती, म्हणून आकडाही नाही आणि नेहमीचा रक्तगटही नाही. मात्र आपल्याकडे हा रक्तगट असलेल्या निरोगी माणसांचे न्यूट्रोफिल चांगले असतात. त्यांनी काळजी करू नये.

आता शिपायांची दुसरी बाजू सांगून संपविते. शिपाई नसले तर घर लुटले जाते, आणि अनावर झाले तर घरच मोडतात. अंगठ्याच्या सांध्यात युरिक आम्लाचे स्फटिक साचतात तेव्हा न्यूट्रोफिल त्यांना शत्रू समजून तुटून पडतात; त्याच वेदनेला आपण गाऊट म्हणतो. विडीचा आणि चुलीचा धूर वर्षानुवर्षे छातीत जातो तेव्हा ते फुप्फुसांत गोळा होतात आणि त्यांच्याच द्रव्याने फुप्फुसाची नाजूक जाळी झिजते. २०२० च्या करोनाच्या साथीत ज्यांचे दुखणे फार वाढले त्यांच्याही फुप्फुसांची नासाडी करण्यात ह्या पेशींचा वाटा होता. म्हणून “ताकद वाढविणारे” म्हणून जे काढे आणि चूर्णे दारोदार विकावयास येतात, त्यांच्या नादी लागू नये. शिपाई पुष्कळ हवेत असे नव्हे. पुरेसे, वेळेवर आणि आवरते हवेत.

मंडळापुढे माझी एकच सूचना आहे. हळदीकुंकवाला यंदा वाण म्हणून डबे-वाट्यांऐवजी एकेक थर्मामीटर द्यावा आणि त्याच्या डबीवर एक चिठ्ठी चिकटवावी: “केमोथेरपीच्या रोग्याला ताप १००.४ - आधी फोन, गोळी नाही.” चिठ्ठ्या मी लिहून देईन, माझे अक्षर बरे आहे. आणि ज्यांच्या घरी असे दुखणे आहे त्यांनी रात्रीबेरात्री आमचे दार खुशाल वाजवावे. इस्पितळापर्यंत बरोबर यावयास मी तयार आहे. त्या रात्री संध्याकाळचे आठ तास मी घालविले. ते भरून काढावयाचे तर दुसऱ्या कोणाचे तरी आठ तास वाचविले पाहिजेत, एवढेच मला कळते.